लेबल नसलेला डबा

माझ्या मुलीला गहू चालत नाही हे कळलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. त्याआधी वर्षभर तिचं पोट टम्म फुगायचं, हातपाय काडीसारखे, आणि गल्लीतल्या बायका मला तोंडावर विचारायच्या, हिला खायला घालत नाहीस की काय. घालत होते की. दिवसातून दोनदा तूप लावलेली चपाती दुधात कुस्करून, मांडीवर घेऊन, चिऊचा घास काऊचा घास करत भरवत होते. जे तिला आतून खात होतं तेच मी मायेनं तिच्या तोंडात घालत होते. हुबळीतल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग तिला भूल देऊन, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि तोही तपासला. मग आम्हाला बसवून सांगितलं, गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो, त्यानं हिच्या आतड्याला जखमा होतात. याला औषध नाही. गहू, रवा, मैदा, सातू जन्मभर बंद, कणभरही नाही. ते बंद झालं की पोरगी आपोआप वाढीला लागेल.

आमचं घर जुन्या हुबळीतलं आणि धंदा किराणा मालाचा. सासऱ्यांचे आजोबा कोल्हापूरकडून इकडे आले. तेव्हापासून घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही, अशी आमची रीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही चौघं: मी, माझा नवरा, मुलगी आणि सासरे. त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, मीही अप्पाच म्हणे. मुलगी मात्र त्यांना अज्जा म्हणायची.

डॉक्टरांकडून आलो त्या रात्री जेवताना अप्पांनी आपल्या ताटातली चपाती उचलून परत डब्यात ठेवली आणि म्हणाले, उद्यापासून या घरात गहू नको. मी म्हटलं, तुम्हाला कशाला शिक्षा? ते म्हणाले, पोरीसमोर बसून आपण चपाती खायची आणि तिला नाही म्हणायचं, हे आपल्याला जमणार नाही. वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर सकाळी चहाबरोबर खारी खाल्लेला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खारीकडे बघितलंसुद्धा नाही. अमरगोळच्या बाजारातून ते स्वतः जोंधळे निवडून आणायचे, परातीत पसरून चष्मा लावून बसायचे आणि त्यातला चुकार गव्हाचा दाणा शोधून काढायचे. गिरणीत आधी कुणाचे गहू दळलेले असतात, म्हणून घरात छोटी चक्की आणायचा हट्टही त्यांचाच. सांगायला लाज कसली, माझ्या वडिलांपेक्षा या माणसावर माझा जास्त जीव होता.

दुकानातला पाकिटबंद माल मात्र माझ्याकडे आला. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यात पाकिटावरचं इंग्रजी मुंगीच्या पायाएवढं. तरी शिकले. व्हीट म्हणजे गहू, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली म्हणजे सातू आणि माल्ट त्याचंच भावंड. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी दुकानात जाऊन एकेक रॅक वाचून काढायची. तांदळाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कुरडयांत मैदा निघाला. मसाला शेंगदाण्यांच्या वरच्या कवचात मैदा. मुलांना ताकद येते म्हणून जी पावडर दुधात घालतात तिच्यात माल्ट. सोया सॉससारख्या पातळ पाण्यातही गहू! माझा नवरा हसायचा, बीएला एवढं वाचली असतीस तर पहिला वर्ग मिळाला असता. मी त्याला म्हणायची, बीएला नापास झाले असते तर फक्त माझं वाटोळं झालं असतं.

चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वस्तूंची यादी करून मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तिचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. पाहुणी आली की मी कपाट उघडून दाखवायची.

पहिले दोन महिने मुलगी थोडी सुधारली. जुलाब कमी झाले, झोपेतून रडत उठणं थांबलं. मग ती जिथल्या तिथे थांबली. वजनाचा काटा हलेना. केस गळायचे, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस तरी दुपारी पोट धरून अज्जाकडे जायची. अप्पा तिला मांडीवर घ्यायचे, हिंग उगाळून तिच्या बेंबीभोवती लावायचे आणि वाटीभर ताकात चिमूटभर हिंग घालून घोटघोट पाजायचे. आमच्याकडे पोटदुखीला दुसरं औषध माहीतच नाही. त्या ताकानं तिला बरं वाटायचं, निदान ती तसं म्हणायची, आणि अज्जाच्या मांडीवरच झोपी जायची. मी म्हणायची, अप्पा आहेत म्हणून निभतंय.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. ते म्हणाले, कुठून तरी अजून गहू जातोय. मी यादी पुढे केली. त्यांनी ती नीट वाचली आणि घरात आणखी काय काय येतं ते एकदा शोधा म्हणाले. मला ते झोंबलं. मी डोळ्यांत तेल घालून वाचते आणि हे मलाच शोधा म्हणतात! माझ्या नाकावर राग कायमचाच असतो, त्याला फक्त माणूस लागतं. मिळालं. मुलगी सकाळी दोन तास बालवाडीत जायची. मी तिथे जाऊन त्या बाईंना नाही नाही ते बोलले. तुम्हीच तिला दुसऱ्यांच्या डब्यातलं देता, एका पोरावर लक्ष ठेवता येत नाही तर शाळा कशाला उघडता, असं चारचौघांत. त्या बाई गरीब होत्या. त्यांनी कन्नडमध्ये एवढंच सांगितलं, मी हिला माझ्याजवळ बसवून जेवू घालते, अक्का. मी ऐकलं नाही. मुलीचं नाव काढून घरी आणलं. ती आठ दिवस दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची.

शाळा सुटली तरी दुखणं सुटलं नाही. आता तर ती दिवसभर घरात, म्हणजे ताकही वाढलं. सातव्या महिन्यात तिचं वजन पावशेर कमी भरलं. त्या दिवशी काट्यासमोर मला पहिल्यांदा वाटलं की ही आपल्या हाती लागणार नाही. मी हे कुणाला बोलले नाही, पण तिला अंघोळ घालताना पाठीचे मणके मोजायची सवय मला लागली होती.

माझी थोरली बहीण धारवाडला केलगेरीत राहते. तिच्या घरी सत्यनारायण होता, म्हणून मी मदतीला गेले. मुलीला अप्पांजवळ ठेवलं, कारण प्रसादाचा शिरा रव्याचा. वरणाला फोडणी देताना मी हिंग मागितला. बहिणीनं प्लास्टिकची डबी दिली. हात सवयीचा गुलाम. डबी उघडायच्या आधी मी तिच्या पाठीवरचं वाचलं. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, मग हिंग. मी पुन्हा वाचलं आणि हसायलाच लागले. बहिणीला म्हटलं, अक्का, बघ की, या कंपन्या हिंगातपण मैदा घालतात, म्हणजे कमाल झाली. आमचं बरं आहे, अप्पांच्या हातचा हिंग.

अप्पांचा हिंग हा आमच्या दुकानाचा मान होता. वर्षातून दोनदा ते दुकानामागच्या खोलीत दार लावून तो करायचे. कच्चा हिंग बाहेरून यायचा. त्याचं पुढे ते काय करतात हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून शिकलेलं, आणि ते घरातल्या बायकांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. एक तर तो धंद्याचा भाग, आणि दुसरं म्हणजे त्या खोलीला असा वास सुटायचा की दोन दिवस तिकडे फिरकवत नसे. मग घरासाठी पितळेच्या डब्यात सुपारीएवढे खडे भरून यायचे. धारवाडहून, अळणावरहून माणसं तो हिंग न्यायला यायची. मी घरातलं प्रत्येक पाकीट वाचलं होतं. तो डबा माझ्या यादीत नव्हता, कारण त्याच्यावर वाचायला काही नव्हतं, आणि आपल्याच दुकानाच्या मालावर कोण काय लिहितो?

बहिणीकडची ती डबी मी मागून घेतली. बसमध्ये सगळ्या वाटेत ठरवत होते, अप्पांना कसं सांगायचं ते. त्यांना कंपन्यांचा मनापासून राग होता, आणि आज मी त्यांच्या हातात आयतं कोलीत देणार होते. संध्याकाळी दुकानात शिरले तेव्हा ते गादीवर बसले होते, मुलगी त्यांच्या पायाशी रिकाम्या डब्यांचा मनोरा रचत होती, माझा नवरा आत गुळाची ढेप फोडत होता. मी डबी नाचवत म्हटलं, अप्पा, बघा तुमच्या कंपनीवाल्यांची करामत, हिंग म्हणून गव्हाचं पीठ विकतात. मला वाटलं ते मांडीवर थाप मारून हसतील.

ते हसले नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली, लांब धरून पाहिली, अक्षर लागेना म्हणून मला परत दिली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

"अगं, बंधाला मैदा लागतोयच की," ते म्हणाले. "त्याशिवाय हिंग बांधला जात नाही. आपलापण तसाच."

आत गूळ फोडायचा आवाज थांबला. नवऱ्याला ठाऊक होतं. लहानपणी त्या खोलीत मैदा चाळून द्यायचं काम त्याच्याकडेच असायचं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या लेखी गहू म्हणजे चपाती, गहू म्हणजे शिरा आणि पाव. हिंगातला मैदा हा बंध, तो धान्यात धरायचा नसतो, जसं भिंतीच्या मातीत कालवलेलं पाणी कुणी पाण्यात धरत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी हुबळी-धारवाडमधली पाकिटं वाचत फिरले होते.

हे सगळं मला आज कळतं. त्या क्षणी मला फक्त ताकाची वाटी दिसली. आठवड्यातून तीनदा, चारदा, सात महिने. दुखलं की ताक, आणि ताक पोटात गेलं की परवा पुन्हा दुखणं. मी मुलीला खस्सकन त्यांच्या पायाजवळून उचललं. मनोरा पडला, ती रडायला लागली.

"तुम्हीच देत होता तिला," मी म्हणाले. "तुमच्याच हातानं."

जिभेला हाड नसतं म्हणतात. अप्पांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही काही न मागता निघून गेलं. फोडण्या मीच घालत होते. वरणाला, भाजीला, आमटीला, दोन्ही वेळेला, त्याच पितळी डब्यातला खडा फोडून. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी ते बोलले नाही. सगळं त्यांच्या ओंजळीत टाकून मी मुलीला कडेवर घेऊन घरी आले.

पितळी डबा त्यांनी त्याच संध्याकाळी परसात रिकामा केला. दुकानात शिल्लक होता तो हिंग एका व्यापाऱ्याला देऊन टाकला, आणि पुन्हा त्या खोलीचं दार लावून घेतलं नाही. जुनी गिऱ्हाइकं विचारायची. ते सांगायचे, आता होत नाही. धारवाडची एक म्हातारी तर तिच्या आईच्या वेळेपासून आमचा हिंग नेत होती. ती दुकानात बसून राहिली, थोडासा तरी करा म्हणाली. अप्पांनी तिला दुसऱ्याची डबी दिली आणि पाठीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला सांगितलं.

मुलगी सुधारली. खरं सांगायचं तर बघवत नव्हतं इतकी भराभर सुधारली. तीन महिन्यांत गाल भरले, केस दाट झाले, फ्रॉक आखूड व्हायला लागले. प्रत्येक आखूड फ्रॉक म्हणजे एक साक्ष होती, आणि ती कुणाविरुद्ध होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळ घरांत होतं, यात दोष कुणाचा नाही. मी घरी येऊन अप्पांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. ते बरं म्हणाले. डॉक्टरांचं सांगितलं, माझं म्हणणं काय ते सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू. सुनेनं सासऱ्याची माफी कशी मागायची याची रीत आमच्यात नाही, असं मी स्वतःला समजवायची. भांडायची तरी रीत कुठे होती? ते बरोबर जमलं होतं.

बालवाडीतल्या बाईंकडे मात्र गेले. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि मुलीला परत घेतलं. परक्या माणसाची माफी मागणं सोपं असतं.

अप्पांनी मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. जोंधळे निवडणं चालूच राहिलं, उलट आता ते दोनदा निवडायचे. एकच गोष्ट थांबली. त्यांनी मुलीच्या हातात खायचं म्हणून काही देणं बंद केलं. केळंसुद्धा. केळ्यात काय असणार? पण ते केळं आणायचे आणि ओट्यावर माझ्याजवळ ठेवायचे. देवाच्या आरतीनंतर सगळ्यांच्या हातावर खडीसाखर ठेवत तिच्यापाशी आले की वाटी माझ्याकडे सरकवायचे. मुलगी सुरुवातीला हात पुढे करून उभी राहायची. मग तिला सवय झाली, ती सरळ माझ्याकडेच वळायला लागली. आम्हा दोघींना सवय झाली म्हटलं तरी चालेल. घरातल्या कामांसारखं तेही एक वाटून दिलेलं काम झालं: अप्पांनी आणायचं, मी बघायचं, तिनं खायचं.

ती आता सात वर्षांची आहे. कन्नड शाळेत जाते, मराठी घरी शिकते, आणि इंग्रजी पाकिटावरचं माझ्याआधी वाचते. वाढदिवसाला बोलावलं तर आपला डबा घेऊन जाते आणि केक कापताना टाळ्या वाजवते. परत आली की केक कसा होता ते मला रंगवून सांगते, लांबून बघितलेला. तेव्हा मला आत जाऊन भांडी घासावी लागतात.

यंदाच्या दसऱ्याला संध्याकाळी गल्लीतली पोरं नवे कपडे घालून थोरांच्या पाया पडत फिरत होती. आपट्याच्या पानाला इथे सगळे बन्नी म्हणतात. म्हातारी माणसं पोरांच्या हातात पान देतात आणि पुटपुटतात, बन्नी तगोंड बंगारधंग इरोण, बन्नी घे, सोन्यासारखं राहू. अप्पा कट्ट्यावर पानांची जुडी घेऊन बसले होते. शेजारच्या पोरांना त्यांनी एकेक पान दिलं, डोक्यावर हात ठेवला. माझी मुलगी रांगेत शेवटी होती. ती वाकली, पाया पडली आणि उभी राहिली. अप्पांनी जुडीतलं चांगलं मोठं पान काढलं आणि तिच्या डोक्यावरून, तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे हात लांब केला.

मी पान घेतलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, देठाशी बोट फिरवलं आणि तिच्या हातात दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

मुलीनं पान घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई, पानातपण गहू असतोय?"

"नाही गं."

"मग बघितलीस काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पान पाहत नव्हते, अप्पांचा हात तपासत होते. अप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी उरलेली पानं दोऱ्यानं नीट बांधली आणि माझ्यावर बोल येऊ नये म्हणून माझ्या वतीनं तिला म्हणाले, "बघितलेलं बरं असतंय, बाळ." मग कट्ट्याला हात टेकून उठले आणि देवाजवळ दिवा लावायला आत गेले. सांगायचं राहिलेलं सांगायला मी त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले.